पेठेचा जीर्णोद्धार: पुण्याच्या बाजारव्यवस्थेसंबंधीं कांहीं विचार

देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे त्याचा शिलालेख राहतो. किल्ल्याची डागडुजी झाली तर तिचा खर्च दप्तरांत सांपडतो. वाडा मोडला तरी त्याच्या धन्याचें नांव लोकांच्या तोंडीं कांहीं पिढ्या टिकतें. बाजाराचें मात्र असें होत नाहीं. पेठ उजाड झाली, पुन्हा वसली, तिचीं दुकानें पडलीं, पुन्हा उभीं राहिलीं, याची नोंद इतिहासग्रंथांत दोन ओळींपलीकडे क्वचित् आढळते. वस्तुतः ज्या नगरांत राजवाडा जळूनहि नगर राहिलें, त्या नगराचा प्राण राजवाड्यांत नसून बाजारांत होता असें म्हणावें लागतें. पुणें हें अशा नगरांचें ठळक उदाहरण होय.

पुण्याचा बाजार वारंवार मोडला आणि वारंवार उभा राहिला. तो कोणीं उभा केला, कोणत्या साधनांनीं केला, व उभा केल्यावर तो चालविण्याची व्यवस्था काय होती, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. हा विषय आतां हातीं घेण्यास एक तातडीचें कारणहि आहे. तें शेवटीं सांगूं.

१. पेठांचीं नांवें

प्रथम नांवांचा घोटाळा दूर केला पाहिजे, कारण जुन्या कागदांचें स्थळ ठरवितांना संग्राहकांची फसगत येथेंच होते. आज ज्या पेठा वारांच्या नांवांनीं ओळखल्या जातात, त्यांपैकीं बहुतेकांना पूर्वीं दुसरीं नांवें होतीं. शनिवार पेठ ही मुर्तजाबाद, रविवार ही मलकापूर, सोमवार ही शहापूर, मंगळवार ही अष्टापूर, बुधवार ही मोहियाबाद, व शुक्रवार ही विसापूर होय. गुरुवार पेठेस वेताळ पेठ, नाना पेठेस हनुमंत पेठ, आणि रास्ता पेठेस शिवपुरी म्हणत. पेशवाईच्या कागदांत जुनीं व नवीं अशीं दोन्ही नांवें एकाच काळांत येतात. एकाच कागदांत दोन्ही यावीं असेंहि घडतें. यामुळें केवळ ‘विसापूर’ किंवा ‘शहापूर’ एवढा उल्लेख पाहून तो कागद त्या नांवाच्या एखाद्या परगांवचा समजणें सोपें आहे. विसापूर नांवाचा किल्ला मावळांत आहे, आणि शहापूर नांवाचीं गांवें तर ठिकठिकाणीं आहेत. कागदांत शेटे, महाजन, कोतवाल किंवा दुकानाची जागा यांपैकीं कशाचाहि उल्लेख असेल तर तो पुण्याच्या पेठेचा तर नव्हे ना, हें अगोदर तपासून पाहावें अशी आमची सूचना आहे.

कसबा हें मूळ गांव. त्याच्या भोंवतीं एकेक पेठ जोडली जात गेली. शुक्रवार पेठ १७३४ सालीं, पहिल्या बाजीरावाच्या कारकीर्दींत, जिवाजीपंत खासगीवाले यांनीं वसविली असें परंपरेनें मानितात. गुरुवार व गणेश या पेठांशींहि त्यांचेंच नांव निगडित आहे, आणि त्यांचीं सालें अनुक्रमें १७५० व १७५५ अशीं दिलीं जातात. रविवार पेठ नानासाहेब पेशव्यांच्या वेळीं महाजन व्यवहारे जोशी यांनीं वसविली. सदाशिव पेठ पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नांवानें थोरल्या माधवरावांनीं, आणि नाना पेठ नाना फडणिसांनीं वसविली. या यादीवरून एक गोष्ट ध्यानांत येईल. पेठ आपोआप वाढत नसे. कोणी एक माणूस ती वसविण्याचें अंगावर घेई, व त्याबद्दल तो सरकारास जबाबदार राही.

२. तीन वेळां मोडलेला बाजार

पुण्याच्या बाजारावरील पहिला मोठा आघात शके १५५२ (इ. स. १६३०) च्या सुमारास झाला. आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव यानें पुणें जाळून उध्वस्त केलें, गाढवाचा नांगर फिरविला व पहार ठोकली, अशी परंपरा आहे. पुढें जिजाबाई व बाल शिवाजी यांच्यासह दादोजी कोंडदेव पुण्यास आले आणि गांव पुन्हा वसूं लागलें. सोन्याच्या नांगराची आख्यायिका सर्वांच्या परिचयाची आहे. तिचा शब्दार्थ घ्यावा कीं न घ्यावा हा वाद बाजूस ठेविला, तरी तिचा भावार्थ स्पष्ट आहे: उजाड गांवीं परत यावयास लोक भितात, आणि ती भीति घालविणें हें वसविणाराचें पहिलें काम असतें.

दुसरा आघात शके १६८५ (इ. स. १७६३) च्या उन्हाळ्यांत झाला. पानिपतास अडीच वर्षेंहि झालीं नव्हतीं. निजामअल्लीची फौज पुण्यावर आली. पेशव्यांचें कुटुंब अगोदरच सिंहगडाकडे निघालें होतें. शहर लुटलें गेलें, आणि ज्या घरांची खंडणी भरली गेली नाहीं तीं पाडण्यांत किंवा जाळण्यांत आलीं. याच प्रसंगीं सिंहगडाच्या पायथ्याचें गांव जाळलें जाऊन तेथें नेलेले पुष्कळसे ऐतिहासिक लेख व सरकारी कागद नष्ट झाले, असें ग्रँट डफनें नमूद केलें आहे. आज ज्या काळाच्या कागदांसाठीं आपण गांवोगांव हिंडतों, त्यांतील किती भाग त्या एका दिवशीं गेला असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. त्याच वर्षाच्या आगस्टांत राक्षसभुवनची लढाई जिंकून माधवरावांनीं या लुटीचें उट्टें काढलें. परंतु लढाई जिंकल्यानें दुकानें उघडत नाहींत. पुण्याच्या दृष्टीनें राक्षसभुवनाइतकेंच महत्त्वाचें कार्य त्यानंतरच्या आठ-नऊ वर्षांत झालें. जुन्या पेठा पुन्हा भरल्या, आणि भवानी व सदाशिव यांसारख्या नव्या पेठांची भर पडली.

तिसरा आघात शके १७२४ (इ. स. १८०२) चा. आक्टोबरांत हडपसरची लढाई होऊन यशवंतराव होळकर पुण्यांत आला. सावकार व उदमी यांच्याकडून पैसा काढण्यांत आला. त्याच्या पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. दुष्काळ हा लुटीपेक्षां बाजाराचा अधिक मोठा शत्रु होय. लुटीनें माल जातो, पण गिऱ्हाईक राहतें. दुष्काळानें गिऱ्हाईकच नाहींसें होतें.

३. कौल

या प्रत्येक आघातानंतर बाजार उभा करण्याचें मुख्य साधन एकच होतें, आणि तें दगडविटांचें नसून कागदाचें होतें. त्याचें नांव कौल.

पेठेचा कौल म्हणजे सरकारनें येणाऱ्या उदम्यास दिलेलें लेखी वचन. कौलाचीं कलमें बहुधा ठराविक असतात. दुकान व घर यांसाठीं जागा मिळेल. कांहीं वर्षें, पुष्कळदां सात, जकात व मोहतर्फा यांची माफी राहील. मुदत संपल्यावर दर एकदम पुरा न घेतां चढत्या प्रमाणानें घेण्यांत येईल; यालाच इस्ताव्याची रीत म्हणत. वेठबिगार लागणार नाहीं. आणि शेवटीं, ‘कोणेविशीं शंका न धरितां सुखरूप नांदावें’ या अर्थाचें अभय असतें.

वरवर पाहतां ही केवळ करमाफी दिसते. बारकाईनें पाहिलें असतां तींत व्यापाराचें मर्म आहे. दुकानदाराची अडचण अशी कीं, तो एकटा येऊन बसला तर त्याला गिऱ्हाईक मिळत नाहीं, आणि गिऱ्हाईक यावें तर अगोदर पुष्कळ दुकानें हवींत. पहिला येणारा नेहमीं तोट्यांत असतो. त्या पहिल्या वर्षांचा तोटा सरकारनें आपल्या अंगावर घ्यावा, आणि पेठ भरल्यावर तो हळूहळू वसूल करावा, असा हा व्यवहार आहे. यांत औदार्य आहे त्याहून अधिक हिशेब आहे. कौलाच्या वर्षांत सरकारच्या जमेस कांहींच येत नसे. म्हणून अशा पेठांच्या हिशेबांत आरंभीं जमेची बाजू कोरी दिसते. ती पाहून पेठ बुडाली असा निष्कर्ष एखादा अभ्यासक काढील तर तो चुकेल. जमा कोरी असणें हेंच पेठ नुकती वसत असल्याचें लक्षण असूं शकतें.

कौलाची खरी किंमत तो पाळण्यावर होती. एकदां मोडलेला कौल पुन्हा चालत नाहीं; पुढच्या वेळीं उदमी येत नाहींत. उत्तर पेशवाईंत सरकारची पैशाची ओढ जसजशी वाढत गेली, तसतसा हा विश्वास पातळ होत गेला. राज्य गेल्यावर त्याचीं कारणें शोधतांना आपण लढाया व तह चाळतों. पेठांचे कौल किती पाळले गेले, याचा कोणीं कागदोपत्रीं छडा लावील तर त्या कारणांत एका मोठ्या कारणाची भर पडेल, असें आम्हांस वाटतें.

४. शेटे व महाजन

कौलानें पेठ भरे, पण ती चाले शेटे-महाजनांच्या हातीं. गांवास जसे पाटील-कुळकर्णी, तसे पेठेस शेटे-महाजन. हें वतन होतें. तें वंशपरंपरेनें चाले, विकत घेतां येई, गहाण पडे, आणि त्याच्या वांटणीवरून भाऊबंदांचे तंटे होत. पाटलाची निशाणी नांगर, कुळकर्ण्याची दौत-लेखणी, तशी शेट्याची निशाणी तागडी. महजरावर तागडीची निशाणी दिसली कीं त्या जागीं पेठेचा मुख्य उभा आहे असें ओळखावें.

त्यांचीं कामें अशीं होतीं. नवा उदमी आला तर त्यास जागा नेमून देणें. वजनें-मापें खरीं आहेत कीं नाहींत हें पाहणें. उदम्यांची पट्टी बसविणें व ती त्यांच्यांत वांटून देणें. दोन दुकानदारांचा तंटा झाला तर तो तोडणें. आणि सरकारचा जुलूम झाला तर पेठेच्या वतीनें सरकारांत उभें राहणें. या शेवटच्या कामाकडे आमच्या अभ्यासकांचें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. शेट्या हा एका बाजूनें सरकारचा वसुलीचा माणूस व दुसऱ्या बाजूनें उदम्यांचा वकील, असा दुहेरी असे. दोन्ही बाजूंस त्याची गरज असल्यामुळें तो टिकला.

त्याचें उत्पन्न रोख पगाराचें नसे. धान्याच्या गोणीमागें मूठ-पसा, तेल्याकडून तेल, भाजीवाल्याच्या पाटींतून भाजी, पानवाल्याकडून पानें, कोष्ट्याकडून वस्त्र, चांभाराकडून जोडा, असे बारीकसारीक हक्क वतनाच्या कागदांत मोजून लिहिलेले असतात. आजच्या वाचकास हे हक्क हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यांची रचना पाहावी. पेठेंत माल अधिक आला तर शेट्याच्या घरीं अधिक येणार, आणि पेठ ओस पडली तर त्याची चूल विझणार. चालविणाराचें हित चालण्यांत गुंतवून ठेवण्याची याहून साधी युक्ति सुचविणें कठीण आहे. या युक्तींत दोष नव्हता असें मात्र नाहीं. मूठ किती मोठी, हें मुठीच्या धन्यावर अवलंबून असे. हक्क देणारांत गरीब माळी, काछी व बागवान असत, आणि त्यांचें गाऱ्हाणें लिहून ठेवणारा कोणी नसे. महजर वतनदारांनीं लिहविले. त्यांत पाटीवालीचा शब्द येत नाहीं. हें ध्यानांत ठेवूनच ते वाचावे.

५. कोतवाल

पेठांचा मिळून जो मोठा बाजार, त्यावर कोतवालाचा अंमल. कोतवालाचें नांव काढतांच आपल्या मनांत घाशीराम येतो. १७७७ पासून १७९१ पर्यंतच्या त्याच्या कारकीर्दीनें व तिच्या भयंकर शेवटानें कोतवाली म्हणजे केवळ जुलूम असा समज रूढ झाला आहे. परंतु कोतवालाच्या नेमणुकीचीं कलमें पाहिलीं असतां त्याचें काम आजच्या नगरपालिकेच्या कामाशीं पुष्कळ जुळतें असें दिसतें. बाजारनिरख ठरविणें, वजनें-मापें तपासणें, रस्ते, गल्ल्या व घरें यांच्या हद्दींचे वाद तोडणें, घरांच्या खरेदीविक्रीची नोंद ठेवणें, शहरांत येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची याद ठेवणें, हीं सर्व त्याचींच कामें. त्यासाठीं पेठांतून चावड्या होत्या. पुण्यांतील घरांच्या व दुकानांच्या जागांचा इतिहास लिहिणारास कोतवाली दप्तराइतकें उपयोगी दप्तर दुसरें नाहीं.

शेटे-महाजन व कोतवाल यांच्यांत कुरबुर असे, आणि ती असणें स्वाभाविक होतें. शेट्या वतनदार, तो उठविल्याशिवाय उठत नाहीं. कोतवाल नेमणुकीचा, आज आहे उद्यां नाहीं. शेट्या एका पेठेचें हित पाहणार, कोतवालास सर्व शहर सांभाळावयाचें. नवी पेठ वसूं लागली म्हणजे ती जुन्या पेठेचे उदमी ओढून नेई, आणि मग जुन्या पेठेच्या वतनदाराच्या हक्कांस धक्का बसे. एका बाजाराचा उत्कर्ष हा शेजारच्या बाजाराचा अपकर्ष ठरतो, हा अनुभव त्या काळींहि नवा नव्हता.

६. जागा, पाणी व देऊळ

कौल व वतन यांखेरीज तिसरी गोष्ट म्हणजे लोकांच्या पायांस सवय लावणें. १७४९ च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी नळांनीं शहरांत आणिलें, आणि तें ठिकठिकाणच्या हौदांत सोडण्यांत आलें. जेथें हौद तेथें बायकांची ये-जा, आणि जेथें ये-जा तेथें दुकान, हें निराळें सांगावयास नको.

देवळाचेंहि तसेंच आहे. तुळशीबाग हें याचें उत्तम उदाहरण. मुळांत ही खासगीवाल्यांची बाग. नारो आप्पाजी खिरे, जे पुढें तुळशीबागवाले या नांवानें प्रसिद्ध झाले, यांनीं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें रामाचें मंदिर बांधविलें. मंदिराच्या आवारांत व भोंवतालीं तांब्यापितळेचीं भांडीं, पूजेचें साहित्य, लांकडी खेळणीं, बांगड्या, कुंकू यांचीं दुकानें बसलीं. बाजार बसवावयाचा म्हणून ही जागा कोणीं योजिली नव्हती. दर्शनास आलेली बाई जातांना कांहीं घेऊन जाई, एवढ्यावर तो बाजार उभा राहिला. राज्यें बदललीं, पण पुण्याच्या लग्नघरची खरेदी आजहि तुळशीबागेंतून सुटलेली नाहीं.

७. मंडई

एकोणिसाव्या शतकांत बाजार चालविण्याची कल्पनाच बदलली. १८५८ सालीं पुण्यास नगरपालिका आली. शेटे-महाजनांचे हक्क क्षीण होत गेले, आणि बाजाराकडे आरोग्य, रहदारी व भाडें या तीन दृष्टींनीं पाहण्याची रीत सुरू झाली. त्या वेळीं शहरची भाजी शनिवारवाड्यापुढील मोकळ्या पटांगणांत विकली जाई. पेशव्यांच्या दिल्लीदरवाजासमोर उन्हापावसांत पाट्या मांडून माळणी बसत. चिखल, कुजका पाला आणि गुरें यांचा तेथें सुकाळ असे.

यावर उपाय म्हणून शुक्रवार पेठेंत, खासगीवाल्यांच्या जमिनीवर, दगडी मंडई बांधण्याचें ठरलें. १८८२ च्या सुमारास या योजनेनें आकार घेतला, आणि शके १८०८ (इ. स. १८८६) च्या आक्टोबरांत मंडई खुली झाली. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तिला देण्यांत आलें. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांनीं केलें. मध्यें अष्टकोनी मनोरा व त्याच्यापासून किरणांप्रमाणें फुटलेले कौलारू सोपे, ही तिची रचना पाहिली असतां बांधणाराच्या हिशेबी बुद्धीचें कौतुक वाटतें. मध्यभागीं उभें राहिलें असतां प्रत्येक सोपा दृष्टीस पडतो. देखरेखीस माणसें थोडीं लागतात. वरच्या मजल्यावर नगरपालिकेची कचेरी पुष्कळ वर्षें होती. १८८८ च्या औद्योगिक प्रदर्शनांतून निघालेलें वस्तुसंग्रहालयहि आरंभीं येथेंच होतें. म्हणजे खालीं भाजी, वर कारभार, असा हा एकाच छपराखालचा संसार होता.

या योजनेस विरोध झाला नव्हता असें नाहीं, आणि विरोध करणारांत जोतीराव फुले होते ही गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. जोतीराव १८७६ पासून कांहीं वर्षें नगरपालिकेचे नेमलेले सभासद होते. त्यांचें घराणें फुलांचा व भाजीचा व्यापार करणारें. तेव्हां भाजीवाल्यांची उन्हांतली बैठक त्यांना ठाऊक नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. तरीहि एवढा पैसा इमारतींत घालण्यापेक्षां तो लोकांच्या शिक्षणाकडे लागावा, असें त्यांचें व हरि रावजी चिपळूणकर यांचें म्हणणें असल्याचें नमूद आहे. मंडई बांधली गेली. पुढें आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतां त्यांच्या पुढाकारानें तिला महात्मा फुल्यांचेंच नांव देण्यांत आलें. ज्या इमारतीस ज्यानें विरोध केला त्याच पुरुषाचें नांव तिला मिळावें, यांत कोणास विसंगति वाटेल. आम्हांस तशी वाटत नाहीं. विरोध बाजारास नव्हता. बाजारांत बसणाऱ्या माणसापेक्षां बाजाराचें छप्पर मोठें मानण्यास होता. तें नांव तेथें असल्यानें तो प्रश्नहि तेथें कायम लिहिला गेला आहे.

जुनी व नवी या दोन पद्धतींतील भेद येथें स्पष्ट होतो. पेशवाईंत प्रथम माणूस बोलाविला जाई, मग दुकान उभें राही. मंडईंत प्रथम गाळा बांधला गेला, मग माणूस बोलाविला. पहिल्या पद्धतींत सरकारनें आरंभींचा तोटा सोसावयाचा. दुसरींत भाडें पहिल्या दिवसापासून. पहिलींत चालविणारा वतनदार, म्हणून हटत नाहीं आणि दबतहि नाहीं. दुसरींत चालविणारा पगारी नोकर, म्हणून त्याची मूठ मोजतां येते, पण पेठ ओस पडली तरी त्याची चूल विझत नाहीं. दोहोंपैकीं एक सर्वथा चांगली असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. मंडई मात्र टिकली. तिच्या टिकण्याचें श्रेय केवळ दगडास देतां येणार नाहीं. तिच्या भोंवतीं तुळशीबाग होती, रविवारचा किराणा होता, बुधवारचा चौक होता. नवी इमारत जुन्या पाऊलवाटांच्या मधोमध पडली, म्हणून लोक आले. १९२४ सालीं लोकमान्य टिळकांचा पुतळाहि याच आवारांत उभा राहिला. ओट्यावरच्या राजकारणाच्या गप्पांमुळें पुणेकरांनीं या जागेस ‘मंडई विद्यापीठ’ ही पदवी बहाल केली ती उगीच नव्हे.

१९७० नंतरच्या दशकांत घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत गेला. बैलगाड्या व ट्रक गेले, अडत्यांची हांक गेली, आणि मंडई पुन्हा किरकोळ भाजीची झाली. ही घटना कोणाच्या लुटीनें किंवा जाळपोळीनें घडली नाहीं. तरी तिचा परिणाम एखाद्या स्थलांतरापेक्षां कमी नव्हता. तीहि मंडईनें पचविली.

८. आजचा प्रसंग

लेखाच्या आरंभीं ज्या तातडीचा उल्लेख केला तिच्याकडे आतां वळतों. सप्टेंबर २०२४ मध्यें मंडईखालून भुयारी मेट्रो धांवूं लागली. जुन्या पेठांतून वाडे पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत, आणि तळमजल्यावरचीं पिढीजात दुकानें नव्या गाळ्यांत जात आहेत. यास आमचा विरोध नाहीं. वर दाखविल्याप्रमाणें, पुण्याचा बाजार हा मोडून पुन्हा उभारण्याच्याच परंपरेंतला आहे. जो बाजार बदलत नाहीं तो मेलेला असतो. परंतु जीर्णोद्धार करणारांस इतिहास दोन गोष्टी सांगूं शकतो. पहिली अशी कीं, ज्याला हलवावयाचें त्याला अगोदर कौल द्यावा. म्हणजे त्याची जागा, त्याचें भाडें व त्याची मुदत लेखी ठरवावी, आणि तें वचन पाळावें. दुसरी अशी कीं, चालविणाराचें हित बाजाराच्या भरभराटींत गुंतलेलें राहील अशी कांहीं तरी व्यवस्था असावी. दगड, फरशी व रंग हें त्यानंतरचें काम.

तिसरी गोष्ट आमच्या वाचकांसाठीं आहे, आणि तीच या लेखाचें खरें कारण. दुकान हलतें तेव्हां माल हलतो. वह्या हलत नाहींत. मध्यंतरीं एका पेठेंतील जुनें दुकान पाडलें जात असतां आम्ही तेथें पोंचलों, तों लाल कापडाच्या बांधणीच्या लांबट वह्यांचा ढीग रद्दीच्या तागडींत पडलेला पाहिला. कांहीं मोडींत होत्या, कांहीं व्यापारी लिपींत. आमच्या हातीं तीन आल्या. बाकीच्या कोठें गेल्या हें विचारण्यांत अर्थ नव्हता. शेट्याची जी तागडी महजरावर मानाची निशाणी म्हणून येत असे, तिच्यांतच त्या पेठेचा इतिहास किलोच्या भावानें जात होता.

सिंहगडाच्या पायथ्याशीं १७६३ सालीं कागद जळले ते शत्रूनें जाळले. १८७९ च्या मे महिन्यांत बुधवारवाडा जळाला. १९६१ च्या जुलैंत पानशेतचा पूर नदीकांठच्या पेठांत शिरला आणि घराघरांतील दप्तरें चिखलांत गेलीं. या तिहींस आपण दैव म्हणूं शकतों. रद्दीस दैव म्हणतां येणार नाहीं.

९. संग्राहकांस विनंति

सरकारी दप्तरांतील बाजाराचे कागद पुणें पुराभिलेखागारांत सुरक्षित आहेत. पेशवे दप्तरांतील निवडक भाग सरदेसायांनीं १९३० पासून ४५ खंडांत प्रसिद्ध केला, आणि वाडांच्या रोजनिशींतील उताऱ्यांत पेठांच्या वसाहतीविषयीं पुष्कळ साहित्य आहे. ‘पुणें नगर संशोधन वृत्ता’चे खंडहि या कामीं फार उपयोगी आहेत. परंतु हें सर्व वरून पाहिलेलें चित्र आहे: सरकारनें काय दिलें, काय घेतलें, वतनदारानें कशावर हक्क सांगितला. ओट्यावरून पाहिलेलें चित्र दुकानदाराच्या कीर्द-खतावणींतच मिळेल. कोणता माल कोणत्या गांवाहून आला, उधारी कोणास व किती दिवस दिली, दुष्काळाच्या सालीं भाव कसे चढले, प्लेगच्या दिवसांत दुकान किती महिने बंद राहिलें, हें इतरत्र कोठेंहि लिहिलेलें नाहीं.

म्हणून आमची विनंति अशी. आपण आजवर सनदा, कौलनामे व महजर जमविले. आतां वह्याहि जमवाव्या. वही हातीं येईल तेव्हां तिच्यांतील सुटे चिटोरे काढून फेंकूं नयेत. गाळ्याची पावती, तहबाजारीची चिठ्ठी, हुंडीचा तुकडा अशाच ठिकाणीं सांपडतो. पहिल्या पानावरील लक्ष्मीपूजनाची मिति प्रथम उतरून घ्यावी, कारण कडेचा कागद आधीं झडतो. पेठेचें नांव जुनें असो वा नवें, जसें असेल तसें टिपावें. आणि दुकान कोठें होतें, त्याच्या उजव्या-डाव्या हातास कोणाचीं दुकानें होतीं, हें त्या घरच्या वडील माणसास विचारून वहीच्या सोबत लिहून ठेवावें. तें सांगणारीं माणसें आणखी किती वर्षें भेटतील?

अशा दहा-वीस दुकानांच्या वह्या एकत्र झाल्या तर शुक्रवार किंवा रविवार पेठेचा एखादा रस्ता, दुकानामागून दुकान, कागदावर पुन्हा उभा करतां येईल. पेठेचा जीर्णोद्धार करण्याचें हेंहि एक साधन आहे, आणि तें आपल्या हातचें आहे. ज्यांच्याकडे अशा वह्या असतील त्यांनीं त्या, अथवा निदान त्यांची याद, मंडळाकडे पोंचती करावी, इतकी प्रार्थना करून हा लेख पुरा करितों.